ताईची आडवी पाटी

मार्चमधल्या एका मंगळवारी ताई वारली. मी मिल्टनहून टोरांटोला जाणाऱ्या गाडीत होते. तिला ताप होता, आणि तिथल्या इस्पितळाच्या रस्त्यावर दोन दिवस गोळीबार चालू होता, एवढं फोनवर कळलं. मी उतरले आणि ऑफिसला गेले.

ताई वसईची नर्स. माझ्याआधी कॅनडात आली, इथली परीक्षा दिली, नोकरीत रुळली आणि एक दिवस एका मदतसंस्थेतर्फे युद्ध चाललेल्या देशात निघून गेली. त्याच संस्थेच्या टोरांटो ऑफिसात मी अहवाल तपासते. दूरदूरच्या केंद्रांतून आलेली वाक्यं नीट करते. 'तिला मारलं' असं लिहून आलं की त्याचं 'तिला हिंसेचा अनुभव आला' असं करायचं, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं. मी चटकन शिकले.

आमच्या चर्चमध्ये ताईसाठी मिस्साबलिदान झालं. नंतर हॉलमध्ये चहा होता. माझ्या मागे दोघी बोलत होत्या.

"सिटिझनशिप मिळालेली ना तिला?"

"मग काय! लोक इथं यायला जीव टाकतात, आणि ही बया इथून तिकडं गेली."

"लग्न केलं नाही की असंच होतं बघ."

मी वळून दोघींना आणखी केक दिला.

ऑफिसनेही शोकसभा घेतली, स्क्रीनवर. एक मिनिट मौन पाळायचं होतं. एडमंटनच्या एका सहकाऱ्याचा माइक चालू राहिला, आणि ते मिनिटभर आम्ही सगळे, सोफ्यावर का चढायचं नाही हे तो कुत्र्याला समजावत होता, ते माना खाली घालून ऐकत राहिलो. ताईला ही सभा आवडली असती.

तिचं तिकडचं काम एका खोलीत चालायचं. बाहेरून तो शिवणवर्ग होता. बायका शिवायला यायच्या, आणि शिवता शिवता एखादी बोलायला लागायची. कुणाला सैनिकांनी उचलून नेलं होतं, कुणाला घरातच मार होता. पडद्यामागे ताई जखमा बघायची, औषध द्यायची, वेळ पडली तर एखादीला दुसऱ्या गावी पोहोचवायची. घरी कुणी विचारलं तर उत्तर तयार असायचं: शिवायला गेले होते.

ऑफिसने तिथं एक पाटी पाठवली. 'हिंसापीडित महिला साहाय्य केंद्र' असं त्या देशाच्या भाषेत आणि इंग्रजीत, खाली देणगीदारांची चिन्हं. मशिनच्या सुया मागवून चार महिने झाले होते, त्या पोहोचल्या नव्हत्या. पाटी नऊ दिवसांत पोहोचली.

"पाटी लावलीस ना?" मी ताईला फोनवर विचारलं. "अहवालात रकाना आहे."

"लावली की. आडवी."

"आडवी म्हणजे?"

"टेबलावर गं. तिच्यावर कापड बेततो आम्ही. काय गुळगुळीत आहे! खडूची रेघ बोटानं पुसली की गेली."

"ताई, मी लिहू काय?"

"लिही, पाटीचा रोज उपयोग होतो. खोटं आहे का त्यात? अगं शहाणे, दारावर हे असलं लिहिलं तर आत कोण येईल? उंबरा ओलांडला की गावभर होईल."

मी रकान्यात 'होय' भरलं.

ती गेल्यावर आमच्या मॅनेजरने मला ऑफिसच्या बातमीपत्रासाठी तिच्यावर लेख लिहायला सांगितलं. मी तीन आठवडे लावले. आयुष्यभर चांगली पुस्तकं वाचली होती. माणूस एखाद्या बारीक तपशिलातून उभा करावा, हे त्यांतून शिकले होते. मी पाटीवर कापड बेतण्याचा प्रसंग लिहिला. लेख सगळ्यांना आवडला. काही जण रडल्याचं त्यांनी मला लिहून कळवलं. चौथ्या दिवशी प्रसिद्धी विभागाची ईमेल आली: लेख मनाला भिडला. पाटी अजून टेबलावरच आहे का?

महिन्याभरात नवी पाटी गेली. पहिलीपेक्षा मोठी, वर ताईचा हसरा फोटो. तिच्या स्मरणार्थ ती दारावर ठोकण्यात आली.

खोली आता शिवण शिकवणाऱ्या बाई सांभाळत होत्या, त्याच गावच्या. त्यांचा फोन आला.

"कुणी येत नाही."

"कुणीच नाही?"

"एक होती. पोरांचे कपडे शिवायला जाते, असं घरी सांगून यायची. तिच्या नवऱ्याला वाचता येतं."

तिमाही बैठकीत त्या खोलीचा आलेख पडद्यावर आला. रेघ खाली उतरत शून्याला टेकली होती.

"मारहाणीची एकही नवी नोंद नाही," मॅनेजर म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते अश्रू खरे होते. "तुझ्या बहिणीनं करून दाखवलं."

गरज संपली, सबब खोली वर्षअखेरीस बंद करावी, असा प्रस्ताव पुढच्याच पानावर होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

इतक्या वर्षांत मी बैठकीत कधी तोंड उघडलं नव्हतं. "मारहाण थांबलेली नाही," मी म्हणाले. "बायका यायच्या थांबल्या आहेत. दारावरची पाटी काढा."

"पण तिच्यावर तुझ्याच बहिणीचा फोटो आहे!" मॅनेजर हळुवारपणे म्हणाली. "तू अजून सावरली नाहीस. थोडी रजा घे."

रजा न घेता मी संस्थेची नियमावली घेतली. ती आमच्यापैकी कुणी वाचलेली नव्हती. मिल्टन ते टोरांटो आणि परत, मी रोज ती कादंबरीसारखी वाचत राहिले. आठव्या दिवशी सापडलं. युद्धक्षेत्रात कर्मचाऱ्याचा फोटो लावायचा तर त्या व्यक्तीची लेखी संमती हवी. नसल्यास फलक संमती मिळेपर्यंत उतरवावा.

मी कायदा विभागाला विचारलं, ताईच्या संमतीचा कागद कुठे आहे? पीडित बायकांचं ऐकायला त्यांना सवड झाली नव्हती, पण या प्रश्नानं ते हादरले. त्याच दुपारी पाटी उतरवण्याचा आदेश निघाला. शिवाय जी पाटी नियमबाह्य होती, तिच्या काळातले आकडे ग्राह्य धरता येईनात, म्हणून खोली बंद करण्याचा प्रस्तावही लांबणीवर पडला.

ताईची लेखी संमती मिळवण्याचं काम माझ्याकडे दिलं गेलं. प्रयत्न चालू आहेत, असं मी दर महिन्याला कळवते. अजून कुणी उलट प्रश्न विचारलेला नाही.

खोली उघडी आहे. बायका पुन्हा यायला लागल्या आहेत, सगळ्या नाहीत. ज्या बाईच्या नवऱ्याला वाचता येतं ती आलेली नाही, आणि ती कुठे आहे हे गावात कुणी सांगत नाही.