कोऱ्या पानावरची सही

बहात्तरच्या दुष्काळात मी नगरच्या एका संस्थेत नोकरीला होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. काम असं, की खेड्यापाड्यांतल्या महिला मंडळांना सभा कशी घ्यायची, ठराव कसा करायचा हे शिकवायचं, आणि मंडळ जरा उभं राहिलं की त्याला छोटंसं अनुदान मिळवून द्यायचं. मी स्वतः आयुष्यात एक मंडळ चालवलेलं नव्हतं. पण वय पंचवीस आणि हातात संस्थेची फाइल, मग काय विचारता!

तिसगावच्या पुढं एसटी सोडून चालत जायचं असं एक गाव माझ्याकडं होतं. तिथं मंडळ निघायच्या आधीपासूनच मंडळाचं काम चालू होतं, आणि ते एक बाई एकटीच करत होती. बौद्ध वस्तीतली, विधवा, पन्नाशीच्या आसपासची. मी तिला मावशी म्हणायचे. गावातल्या बायका सकाळी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या, की त्यांची लहान पोरं मावशी सांभाळायची. गाव आणि वस्ती यांच्या मधोमध एक कडुलिंब होता, त्याच्याखाली. वीसेक पोरं, गावातली आणि वस्तीतली, एकाच गोधडीवर. संध्याकाळी प्रत्येक आई तिला अर्धी भाकर द्यायची. त्याच भाकरींवर मावशीचं पोट चालायचं. एरवी गावातल्या बायांनी आपली पोरं तिच्या मांडीवर दिली असती का, हे मी विचारलं नाही. आटलेल्या विहिरीनं त्यांना एकत्र आणलं होतं, एवढं दिसत होतं.

मी गेले आणि म्हटलं, याची बालवाडी करू. पोरांना दुधाची पावडर मिळेल, पाट्या मिळतील, मावशीला दरमहा थोडं मानधन मिळेल. बायका खूश झाल्या. मग माझं प्रशिक्षण सुरू झालं. सूचक कोण, अनुमोदक कोण, हात कधी वर करायचा. मावशी पदर तोंडाला लावून हसायची. म्हणायची, "बाई, आमच्यात भांडान झाल्याबिगर काय ठरत न्हाई. हात वर केला तर मारायला उठली म्हनत्याल!"

मी तिला सही शिकवली. पाटीवर तीन आठवडे गिरवून घेतलं. रागवायचे मी, फार रागवायचे. "मावशी, अक्षराला पाय कुठाय?" ती म्हणायची, "दमा की जरा, माझेच पाय थकल्यात." पण शिकली. नाव लिहून झालं की पाटी लांब धरून बघायची, आणि लगेच पुसायची नाही.

अनुदानाच्या ठरावाची सभा झाली त्या दिवशी मी उशिरा पोचले. बायका कामावरून थकून आलेल्या, चुली खोळंबलेल्या, आणि माझी शेवटची एसटी चुकायला आलेली. पंधरा मिनिटांत ठरलं. बालवाडी लिंबाखाली, आणि सांभाळणारी मावशी. अध्यक्षीणबाई गावातल्या मोठ्या बागायतदाराच्या घरातली, पण तीही म्हणाली, "माझी नात तिच्याबिगर राहतच न्हाई." एकही बाई विरोधात नव्हती.

आता इथं आमची एक रीत सांगायला हवी. इतिवृत्त लिहून होईपर्यंत बायका थांबत नसत. म्हणून आम्ही सगळ्याच कार्यकर्त्या वहीच्या कोऱ्या पानाच्या तळाशी सह्या घेऊन ठेवायचो, आणि वरचा मजकूर मागाहून सावकाश लिहायचो. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नाही.

वाटलं ते फक्त मावशीला. पेन हातात धरून ती म्हणाली, "बाई, वर तर काहीच लिवलेलं न्हाई."

"आत्ता बोललात तेच लिहिणार आहे, मावशी. माझ्यावर विश्वास नाही का?"

"हाय की," म्हणाली, आणि जीभ दातांत धरून तिनं कागदावरची पहिली सही केली.

नगरला आल्यावर साहेबांनी अर्ज बघितला आणि चष्मा कपाळावर चढवला. झाडाखाली बालवाडी? पक्की जागा हवी. शिक्षिका किमान सातवी पास हवी. नाहीतर मंजुरी नाही, आणि कागद तर दोन दिवसांत पुढं जायचे होते. परत गावाला जाऊन बायकांना विचारायचं, तर एक अख्खा दिवस. मी काय केलं? वही उघडली आणि त्या सह्यांच्या वर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, की बालवाडी मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर भरेल आणि शिक्षिका म्हणून सातवी पास मुलगी नेमावी, सर्वानुमते मंजूर. मनाशी म्हटलं, हे कागदापुरतं. एकदा अनुदान येऊ दे, प्रत्यक्षात लिंबाखालीच चालवू. डोंबलाचं चालवू! गावात कागद आला की तोच खरा होतो, हे मी दुसऱ्यांना शिकवत होते आणि मला स्वतःला कळत नव्हतं.

अनुदान आलं. दुधाचे डबे आले, पाट्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर मंडळाची वहीही मी गावात परत पाठवली. मी गेले तेव्हा सगळं सामान देवळाच्या ओट्यावर मांडलेलं होतं आणि अध्यक्षीणबाईचा दीर वही हातात घेऊन उभा होता. त्यानं ठराव मोठ्यानं वाचला. त्याची भाची सातवी पास होती. तिला पाट झाडून दिला होता, त्यावर ती लाजून बसली होती. मावशी आणि वस्तीतली पोरं खाली मातीत उभी होती.

अध्यक्षीणबाई हळूच म्हणाली, "आमी तर लिंबाखाली म्हन्लो हुतो." दिरानं तिच्यापुढं वही धरली. "मग ही सही कुनाची?" ती पदर पुढं ओढून मागं सरली.

मावशी पुढं आली. तिला ओट्यावर कुणी बोलावलं नाही, म्हणून त्यानं वही खाली वाकवून दाखवली. तिनं आपलं नाव शोधलं, त्याच्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. "बाई, ही माझीच सई हाय ना?"

बस, एवढंच विचारलं तिनं. वर कुणी लिहिलं, हे विचारलं नाही. ते विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का, कोण जाणे. मी म्हटलं, "हो मावशी, तुमचीच आहे."

तिनं मान हलवली आणि ती पोरांना घेऊन परत गेली.

त्यानंतर वस्तीतल्या पोरांना ओट्याखाली उभं करून त्यांच्या भांड्यांत वरून दूध ओतायला लागले, तेव्हा मी त्या दिराशी कडाकडा भांडले. जातीवरून बोलले, कायद्यावरून बोलले, सगळं गाव गोळा केलं. मला रागावता छान यायचं. पण तेवढ्या आरडाओरड्यात, ठराव मी लिहिला, बायकांनी केला नाही, हे एक वाक्य काही माझ्या तोंडून निघालं नाही. नोकरी जाईल याची भीती होती. त्याहून जास्त, बायका काय म्हणतील याची लाज होती. पुढच्या सभेत दुरुस्ती करू म्हटलं, तर त्या सभेला वस्तीतली एकही बाई आली नाही. चार दिवसांत वस्तीतली पोरंही दुधाला यायची बंद झाली. आपली पोरं ओट्यावर बसवणाऱ्या घरांच्या अर्ध्या भाकरी थांबल्या.

तीनेक महिन्यांनी तिसगावच्या रस्त्यावर मला मावशी दिसली. दुष्काळी कामावर खडी फोडत होती. बोटांना चिंध्या बांधलेल्या. पगाराचा दिवस होता. रांग लागली होती, मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिच्या हातातली खडी वाहायची पाटी धरली. तिनं धरू दिली.

तिची पाळी आली. कारकुनानं हजेरीपट पुढं सरकवला आणि पेन दिलं. तिनं ते बाजूला ठेवून शाईचा डबा ओढला.

मी म्हटलं, "मावशी, तुम्हाला सही येते की!"

"येती," ती म्हणाली. रागानं नाही, मला समजावल्यासारखं म्हणाली. "पन सई केली की लोक म्हनत्यात हिला समदं कळतंय. अंगठा दिला तर वाचून तरी दावत्यात."

कारकुनानं तिचे दिवस मोठ्यानं वाचले. तिनं ते बोटांवर मोजून ऐकले, "व्हय" म्हणाली आणि अंगठा टेकवला. मग माझ्या हातातली पाटी घेऊन ती निघून गेली.

त्या महिन्याच्या माझ्या अहवालात एक ओळ होती, की या मंडळातल्या सर्व सभासद आता सही करतात. रस्त्यावरून परत आल्यावर मी तो अहवाल टाइप करायला दिला. ती ओळ तशीच ठेवली.