नोकरीची हमी

वैशू गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या आरोग्य केंद्रात लसीकरणाला बसले होते. समोर बाळांची रांग. तिच्या भावाने एवढंच म्हटलं, "ताई, आपली वैशू..." डेंग्यू, चार दिवस. ज्या वॉर्डात ती ड्युटी करायची, त्याच वॉर्डात गेली. मी रांग संपवली. रडायला मला दुपार व्हावी लागली, आणि तेव्हाही दुःखापेक्षा राग जास्त होता. थोडा त्या दवाखान्यावर, बाकी सगळा माझ्यावर.

आम्ही दोघी अमडापूरच्या. बारावीनंतर दोघींनाही नर्सिंगच करायचं होतं. सरकारी नर्सिंग शाळेच्या यादीत दोघींचीही नावं प्रतीक्षेत लटकलेली, आणि तेवढ्यात एका खासगी दवाखान्याच्या कॉलेजचं पत्रक हाती आलं. फी नाही, राहणं-जेवण फुकट, आणि खाली ठळक अक्षरांत 'नोकरीची हमी'. वाचून दाखवलं ते मीच. वैशू म्हणाली, "काऊन वं, एवढं फुकट काऊन देतात?" मी उचलली जीभ लावली टाळ्याला, "हमी आहे ना वं, लिहून देऊन राह्यले. फॉर्म भर तू!" तिच्यासोबत कॉलेजात मीच गेले होते. क्लार्कने बोट ठेवलं तिथे तिथे सह्या झाल्या, दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका जमा झाल्या, आणि आम्ही बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो. मलाही तिथेच जायचं होतं, पण आमचे बाबा हट्टी. "यादी हलते का पाहू," म्हणाले. यादी हलली. माझ्यापर्यंतच.

त्या हमीचा अर्थ तीन वर्षांनी कळला. हमी त्यांनी दिली नव्हती, वैशूने दिली होती. शिक्षणानंतर पाच वर्षं तिथेच नोकरी, पगार ते देतील तो, आणि तोवर मूळ कागद त्यांच्या कपाटात. मी सरकारी नोकरीत लागले, सुट्ट्या आणि भत्त्यांची भाषा बोलू लागले. ती दोन वॉर्ड एकटीने सांभाळायची. मी शहाणपणाने म्हणायचे, सोड ना. ती म्हणायची, "ओरिजिनल त्याहीच्यापाशी हायेत. झेरॉक्सवर कोण ठेवीन मले?" पाखरू उडून जाऊ नये म्हणून पंख कापतात, इथे नुसते कागद कपाटात ठेवले की भागत होतं.

तरी ती सरकारी भरतीची परीक्षा पास झाली. कागदपत्रं तपासायच्या दिवशी मी सोबत होते. बटणाच्या निळ्या फाइलमध्ये साक्षांकित झेरॉक्स, नंबर घालून. दवाखान्याकडे तिने एका दिवसासाठी मूळ कागद मागितले होते. "चावीवाले साहेब रजेवर आहेत," असं उत्तर मिळालं. टेबलावरच्या बाईंनी फाइल चाळली, "मूळ प्रती?" विचारलं, आणि पुढचं नाव पुकारलं. बसस्टँडवर वैशूने फाइलचं बटण दोनदा दाबून पाहिलं. तिची ती सवयच होती. मग हसून म्हणाली, "काही म्हण वं, हमी पक्की होती. नोकरी सुटतच नाही." मला हसू आलं नाही. तिची पाच वर्षं संपायला सात महिने उरले होते तेव्हा तिला ताप आला.

परवा तिच्या घरी गेले. मावशींनी, म्हणजे तिच्या आईने, तीच निळी फाइल माझ्या पुढ्यात ठेवली. "पाह्य वं, दवाखान्यातल्या माणसानं तिच्या सामानासंगं घरी आणून देली. मांगितलीबी नोती आम्ही. मले वाचता येत नाही, काही राह्यलं का तू पाहून घे." सगळं होतं, कपाटातले मूळ कागदही. गुणपत्रिका तर इतक्या करकरीत, की त्यांना कधी कुणाचा हात लागला नसावा. सगळ्यात खाली करारनामा होता. वैशूची सही, आणि तिच्याखाली 'साक्षीदार' लिहिलेल्या रेघेवर, अठराव्या वर्षीच्या गोल गोल अक्षरांत, माझी.

"हाये ना सगळं?" मावशींनी विचारलं.

"हाव मावशी," मी म्हटलं, आणि बटण दोनदा दाबलं.