वाट देणारा वाटाड्या

पोलादपूरच्या डोंगरातली जुनी गावदेवळं आम्हाला दाखवत फिरणाऱ्या त्या वाटाड्याचं नाव मी विचारलंच नाही. प्रत्येक देवळाशी तो दारातून बाजूला सरायचा. आतली माणसं दर्शन घेऊन बाहेर पडली की मगच आम्हाला आत सोडायचा.

तिसरं गाव दरडीखाली गेलेलं. उरलं होतं ते फक्त देऊळ. तिथेही तो बाजूला सरला आणि समोरून कुणी जावं तशी मान लववू लागला. आत तर चिटपाखरू नव्हतं.

"थांबलोय कशाला?" मी विचारलं.

"माझी आय यायची हाय. ती सगळ्यांच्या मागनं निघते."

जरा वेळाने तो वाकला, पायरीला हात लावून कपाळाला नेला.

"चला आता. आत कोन नाय."

मघापासून रिकाम्याच दिसणाऱ्या त्या देवळात मी तेव्हा कुठे पाय टाकला.