खिडकीजवळचा पलंग

"मला काय, कुठंही झोप लागते." असं म्हणताना ती पदर खांद्यावर घट्ट ओढून घ्यायची. जशी काही आत्ताच उठून जागा रिकामी करणार.

माझी मैत्रीण ती; वुडलँड्सला आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहायची. नवरा गेल्यावर लेकानं गावाकडचं घर विकून तिला इकडं परदेशात आणली. माझंही तसंच. दोघी खाली बाकावर बसायचो. मी थर्मासात चहा न्यायची. ती म्हणायची नको. मी म्हणायची घे गं. ती पुन्हा नको, मी पुन्हा घे. मग बशीत ओतून फुर्रकन प्यायची. तुम्हालाही ठाऊक आहे, आपल्यात पहिलं नको हे नको नसतंच.

तिच्या लेकाला ते ठाऊक नव्हतं, का सोयीचं नव्हतं, देव जाणे. नातवाला वेगळी खोली हवी झाली. ही हॉलमध्ये आली. हॉलमध्ये मोठा टीव्ही आला, ही स्टोअररूममध्ये गेली. लोखंडी दार, खिडकी नाही, उशाशी तांदळाचं पोतं. दर वेळी लेक एकदाच विचारायचा, "चालेल ना आई?"

मला म्हणाली, "गोधडीसारखी घडी घालते गं स्वतःची." आणि हसली.

एकदा दोन्ही घरांनी समुद्राकाठच्या पार्कात राहायला जायचं ठरवलं. तिथं चाकावरची घरं भाड्यानं मिळतात. आत पलंग, एसी, बाथरूम, सगळं. लेकानं फोनवर फोटो दाखवला. यांची माणसं पाच, पलंग पाच, एक खिडकीला लागून. झालं, ही दुसरं बोलेचना. "आडवं पडल्या पडल्या जहाजं दिसतील बघ." त्या पलंगासाठी जुन्या साडीची चादर शिवली.

पोचलो. लेकानं विचारलं, "आई, तू कुठं झोपशील?"

चादर छातीशी धरून ही म्हणाली, "मला काय, कुठंही झोप लागते."

"ग्रेट!" म्हणाला, आणि खिडकीजवळच्या पलंगावर बॅगा टाकल्या. हिला बाहेर छपराखाली आरामखुर्ची उघडून दिली.

मी म्हणाले, "अरे, पुन्हा विचार की तिला."

"मावशी, ती नको म्हणाली ना? मग तिच्या मनाविरुद्ध कशाला?"

नात आतून इकडच्या इंग्रजीत ओरडली, "आजी सेड नो, लाह!"

सून म्हणाली, "त्यांना एसी बाधतो."

मी तिचा हात धरून म्हणाले, "चल, माझ्याजवळ झोप." आमच्याकडं मीही खालीच झोपणार होते. ती आली नाही. लेकाला वाईट वाटेल म्हणाली.

पहाटे वाऱ्यासकट पाऊस आला. सकाळी बघते तर खुर्ची भिजलेली, ही भिजलेली, दार आतून बंद. चादर तेवढी कोरडी, प्लास्टिकच्या पिशवीत.

"अगं, दार वाजवायचं नाही का?"

"वाजवलं की. एकदा."

पुढं छातीत कफ धरला तो सुटलाच नाही. हॉस्पिटलात तिचा पलंग भिंतीकडचा होता. मी बघून आले. तिथनं ती परतली नाही.

दिवसकार्याला गेले. हार घातलेला फोटो हातात धरून लेक उभा होता. सून म्हणाली, "हॉलमध्ये नको, भिंती आत्ताच रंगवल्यात."

"आईचं काय, तिला कुठंही चालायचं," म्हणाला, आणि फोटो स्टोअररूममध्ये तांदळाच्या पोत्यावर ठेवला.

मी म्हणाले, तिथं नको रे. पुन्हा म्हणाले, नको. तिसऱ्यांदाही म्हणाले.

त्यानं लोखंडी दार लावून घेतलं.