जाळीतून फेकलेली चकती

मित्रांनो, आज खरवईच्या माळावर डिस्क गोल्फ खेळलो. चकती कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या टोपलीत टाकायची, असा हा खेळ. मोकळ्यावर जमलं, पण पुढे झाडीत माझी चकती करवंदीच्या जाळीत घुसली.

"उचल आणि वाटेवर ठेव, भावा. इथे सगळे तेच करतात," सोबत खेळणारा निलेशदादा म्हणाला. "तुझ्यामुळे लेट होतंय."

"जिथे पडली तिथूनच फेकायची, असा नियम आहे. तुम्ही पुढे जा," मी म्हणालो.

शेजारी गुरं चारणारे काका हसले. "पाठमोरा शीर रं, नायतर तोंड फाटंल."

तसाच शिरलो आणि फेकली. टोपलीपर्यंत नऊ फेकी लागल्या. मी सगळ्यांत शेवटचा आलो.

असू दे. माझ्या नऊच्या नऊ खऱ्या आहेत. तुम्ही उचलली असती का?