दिगूचं पांढरं आकाश

दिगू परब गेल्याची बातमी आमच्या फोटोग्राफी क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली, आणि चौथ्या मिनिटाला एकाने भांडुपच्या खाडीतल्या फ्लेमिंगोंचा फोटो टाकला. 'आजची सकाळ, कसा वाटतोय?' लगेच धडाधड 'झकास', 'एक नंबर', 'काय लाइट पकडलाय यार'. मी मुलुंडच्या भाजी मार्केटात मेथीची जुडी हातात धरून हे वाचत होते. माझा बारा वर्षांपासूनचा मित्र दुकानाचं शटर वर करता करता खाली बसला आणि उठलाच नाही, आणि ही माणसं पक्ष्यांचे पाय गुलाबी की लाल यावर चर्चा करत होती. शी! मी फोन पिशवीत टाकला आणि मेथी तशीच गाडीवर ठेवून घाटकोपरला गेले.

किळस येणं ही माझ्यासाठी साधी गोष्ट नाही. अठ्ठावीस वर्षं मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली आहेत. लोकांनी आणलेल्या डब्या उघडायच्या, आत काय आहे ते डोळे फाडून बघायचं, मग हात धुऊन जेवायला बसायचं. घाणीचं मला काही वाटत नाही. घाण निदान खरी असते.

दिगूचं घाटकोपर पश्चिमेला चष्म्याचं छोटं दुकान होतं. मी तिथे पहिल्यांदा गेले ती चष्म्याचा नंबर बदलला म्हणून. हातात नुकतंच घरी आलेलं एक खोकं होतं, ऑनलाइन मागवलेलं... डोंगरदऱ्यांच्या फोटोंसाठी फिल्टरचा सेट. सहा फिल्टर, ते धरायचा होल्डर, तो लेन्सवर बसवायच्या आठ रिंगा आणि वर पिशवी फुकट. दिगूने आधी चष्मा बाजूला ठेवला आणि खोकं ओढलं. एक फिल्टर काढून पांढऱ्या कागदावर ठेवला, कागद दुकानाच्या दाराशी उजेडात नेला आणि मला विचारलं, "कुठला रंग दिसतोय बाई तुम्हाला?" मी म्हटलं, करडा. "नीट बघा." नीट बघितलं तर जांभळट. बोलता बोलता माझं माहेर देवगडकडचं आहे हे त्याला कळलं आणि तो थेट 'तू'वर आणि मालवणीवर आला. "ह्या काय घेतलंस गो? आभाळ म्हणजे काय वांग्याचा भरीत?" मला असा राग आला म्हणता! ओळख ना पाळख, आणि हा माणूस माझ्या खरेदीकडे नाक मुरडून बघतोय, लॅबमध्ये आम्ही सडलेला नमुना बघतो तसं. पण जांभळट होतं ते होतंच.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. समोर डोंगर असतो, वर आकाश. आकाश इतकं उजळ असतं की डोंगर नीट आला तर आकाश जळून पांढरंफटक होतं आणि आकाश सांभाळलं तर डोंगराचा कोळसा. आपल्या डोळ्यांना दोन्ही दिसतं, कॅमेऱ्याला झेपत नाही. म्हणून लेन्सपुढे एक काच धरायची, वर काळपट आणि खाली नितळ होत गेलेली. बस, एवढंच. पण ही काच कुठली घ्यायची यावर दिगू दीड तास बोलू शकायचा, समोर गिऱ्हाईक ताटकळत असलं तरी. गोल फिल्टर लेन्सवर फिरवून बसतो, सुटसुटीत असतो, पण त्यातला काळा भाग संपतो बरोब्बर मध्यावर. दिगू म्हणायचा, "म्हणजे क्षितिज कुठे ठेवायचं हे आता कारखानदार सांगणार आपल्याला?" त्यापेक्षा चौकोनी होल्डर बरा, त्यात काच वरखाली सरकवता येते. समुद्राला कडक रेघेची काच चालते. डोंगराला लावली तर शिखराचं टक्कल काळं पडतं, तिथे हळूहळू विरत जाणारीच हवी. प्लास्टिकची पट्टी फुटत नाही पण ओरखडे धरते, काच रंग खरा ठेवते पण हातातून सुटली की गेली. लोहचुंबकाने चिकटणारे नवे फिल्टर त्याला दाखवले तर म्हणाला, "फ्रीजच्या दाराला छान दिसतील." शेवटी त्याने मला एकच काच घ्यायला लावली, मऊ उतरणीची, फार गडद नाही अशी. होल्डर मात्र मोठा, शंभर मिलिमीटरचा. "लेन्स बदलशील, रिंग बदलेल, काच तीच राहील. आणि कोपऱ्यात होल्डरच्या कडा दिसणार नाहीत." ती काच आजही मी वापरते. सहा फिल्टरांचा सेट माझ्या भाचीने रंगपेटीसारखा खेळून संपवला.

पुढे आम्ही दोघं एकाच क्लबात आलो आणि दर दोन-तीन आठवड्यांनी सकाळी आरे कॉलनीत जायला लागलो. बसमधून उतरलं की तबेल्यांचा वास, मग चढ, मग एक मोठा खडक. त्या खडकावरून समोरची एकच टेकडी दिगूने बारा वर्षं काढली. तीच टेकडी, तोच खडक. लोक हसायचे. "परब, दुसरीकडे पण डोंगर आहेत रे!" तो म्हणायचा, "असतील की. मला ह्याचं अजून जमलेलं नाही."

तो संत वगैरे नव्हता हो. तोंडाचा भयंकर फटकळ. क्लबच्या मासिक सभेत माझ्या गोराईच्या सूर्यास्ताच्या फोटोला सगळ्यांसमोर म्हणाला, "हा काढलेला नाही, शिजवलेला आहे." मी दोन महिने बोलले नाही. मग एक दिवस हा पठ्ठ्या रक्त तपासायला आमच्याच लॅबमध्ये, नंबर लावून बाकावर बसलेला. रिपोर्ट मीच हातात दिला आणि म्हटलं, "रक्तात साखर सापडली बघ तुझ्या. तोंडात तर कधीच नव्हती." तो इतका हसला की पलीकडची बाई सुई टोचायची थांबली. झालं, अबोला मिटला.

क्लबात मग ते आकाश बदलायचं खूळ आलं. आमचे अध्यक्ष नाईक, माणूस वाईट नाही, पण उत्साहाने फुगलेला. त्यांनी एका रविवारी पडद्यावर दाखवलं, एक बटण दाबलं की फिकं आकाश जातं आणि भडक संध्याकाळ येते. टाळ्या पडल्या. दिगू उभा राहिला. "मग तिथे गेलात कशाला? घरीच बसायचं होतं ना." आणि बाहेर जाऊन कांदाभजी खात उभा राहिला. मी आतच बसले, मला ते शिकायचं होतं. खोटं कशाला सांगू?

शेवटचा फोटो त्याने मला दुकानात दाखवला, कॅमेऱ्याच्याच छोट्या पडद्यावर. टेकडी हिरवी, जडशी, आणि वर नुसतं पांढरं आकाश. मी म्हटलं, यात काय? त्याने ते मोठं करून दाखवलं तेव्हा त्या पांढऱ्यात फिक्या राखाडी घड्या दिसल्या, धुतलेलं मलमल वाळत टाकल्यावर पडतात तशा. "बारा वर्षं हे मला जळून मिळायचं," तो म्हणाला. "ह्या वेळी काच बोटभर खाली घेतली. जमलं गो." दिगूच्या तोंडून 'जमलं' मी त्यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं. त्यानंतर दहाव्या दिवशी तो गेला.

क्लबने बोरिवलीला एक हॉल घेऊन त्याच्या फोटोंचं प्रदर्शन करायचं ठरवलं. नाईक म्हणाले, "कल्पना, तू जवळची, फोटो तूच आण." मीनावहिनींनी, म्हणजे दिगूच्या बायकोने, हार्ड डिस्क काही न विचारता माझ्या हातात ठेवली. मी वीस फोटो निवडले, त्यात तो शेवटचाही, आणि नाईकांना पाठवले. चार दिवसांनी दुपारी त्यांच्याकडून छोटे छोटे फोटो आले. 'फायनल बघून घे. थोडा उठाव दिलाय.' मी तेव्हा भाचीच्या साखरपुड्याच्या साड्या बघत होते, समोर दुकानदार पदर उलगडून दाखवत होता. मी फोटो उघडले नाहीत. अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि मोतिया रंगाकडे वळले.

हॉलमध्ये शिरले आणि आधी वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाच्या प्रदर्शनात आले. दिगूची टेकडी ओळखू आली, पण तिच्यामागे संत्र्याच्या सरबतासारखं आकाश ओतलेलं होतं. सूर्य उजवीकडे बुडत होता आणि झाडांच्या सावल्याही उजवीकडेच. पुढे गेले. पावसाळ्यातली टेकडी, थंडीतली टेकडी, भर मे महिन्यातली टेकडी, आणि तिन्हींच्या डोक्यावर एकच ढग! शेपूट तुटलेल्या पालीसारखा, तोच, तिन्ही ठिकाणी. तीन ऋतूंना एक पाल, आणि अख्ख्या हॉलमध्ये कुणाला दिसत नव्हती. शेवटच्या फोटोत तर नाईकांनी समुद्रपक्षीही सोडले होते. आरेत, गोठ्यांवर, समुद्रपक्षी! लोक त्याच्यापुढे उभे राहून सेल्फी घेत होते. माईकवर नाईक सांगत होते, "परबांना रंगांची जाण होती..." लॅबमध्ये अठ्ठावीस वर्षांत आली नव्हती ती किळस मला तिथे आली. खरंच आली, उगाच म्हणत नाही.

मी भर हॉलमध्ये ओरडले. काय बोलले ते इथे छापता येणार नाही. "मेलेल्या माणसाचं आकाश ओरबाडताना लाज नाही वाटली?" एवढं छापण्याजोगं. नाईक पांढरे पडले. मग त्यांनी खिशातून फोन काढला, शोधला आणि माझ्यापुढे धरला. "तूच तर ओके केलंस ना गं." माझा पिवळा अंगठा. हॉलमधले सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला समजेना की आता किळस नक्की कुणाची करायची. बोट दाखवायला जागाच उरली नाही. न बघता रिपोर्टवर सही करणाऱ्या डॉक्टरांना आयुष्यभर शिव्या घातल्या मी, आणि वेळ आली तेव्हा माझ्या हातून वेगळं काय झालं?

मीनावहिनी त्या गोंधळात नव्हत्या. त्या शेवटच्या फोटोपुढे उभ्या होत्या. मी जवळ गेले तर हलक्या आवाजात म्हणाल्या, "कल्पना, त्या दिवशी मी होते गं ह्यांच्यासोबत. गुडघ्यांमुळे कधी जायचे नाही, त्या दिवशीच हट्टाने नेलं मला. ... असं आभाळ होतं? पक्षी होते? मला काहीच कसं आठवत नाही?" त्या फ्रेमच्या आणखी जवळ गेल्या. "माझंच लक्ष नसेल," त्या म्हणाल्या. "वय झालं ना."

पालीचा ढग, सरबत, सगळं मी पचवलं असतं. पण नवऱ्याबरोबरची एकुलती एक सकाळ त्या बाईच्या डोक्यातून पुसली जात होती आणि ती दोष स्वतःच्या वयाला देत होती, हे मला सहन होईना. पण तिथे, त्या गर्दीत, खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. वर तोच फोटो क्लबने त्यांना फ्रेमसकट भेट दिला आणि त्या तो घेऊन घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी मूळ फोटो घेऊन मी अंधेरीत एका प्रिंटवाल्याकडे गेले. त्याने पडद्यावर बघितलं आणि प्रेमाने म्हणाला, "मॅडम, स्काय एकदम ब्लँक आहे. मस्त सनसेट टाकून देऊ?" मी त्याच्याकडे असं बघितलं की तो गुपचूप कामाला लागला. पहिली प्रत आली ती कोरी, घड्या गायब. मशीनने आपल्या मनाने उजेड वाढवला होता. दुसरी आली ती मळकट. मी स्टुलावर बसून राहिले. चौथ्या प्रतीत घड्या दिसल्या. बारीक, फिक्या, पण होत्या.

वहिनींच्या घरी टीव्हीच्या वर ती क्लबची फ्रेम लागलेली होती. "सकाळपासून येणारे-जाणारे फार कौतुक करतायत," त्या म्हणाल्या. मी चहाही घेतला नाही. "वहिनी, ते खोटं आहे. आकाश मागून चिकटवलंय. मला दाखवलं होतं, मी न बघता हो म्हटलं." 'असू दे' म्हणाल्या नाहीत, आणि ते बरंच झालं. मी आणलेली प्रत त्यांनी मांडीवर घेतली, चष्मा लावला आणि बघत बसल्या.

"उकडत होतं गं," एकदम म्हणाल्या. "किती उकडत होतं! पानसुद्धा हलत नव्हतं. मला दगडावर बसवलं आणि दोन मिनिटं म्हणून दीड तास घेतला. मी चिडले. म्हटलं, नुसतं पांढरं तर आहे, डोळे दुखतात माझे ह्या उजेडाने. तर कॅमेऱ्यापुढची ती काच काढली आणि माझ्या डोळ्यांपुढे धरली. म्हणाले, आता बघ."

त्या उठल्या. आतल्या कपाटातून दिगूची फिल्टरची पिशवी आणली, काच दोन बोटांत कडेला धरून बाहेर काढली, अगदी तो धरायचा तशी. मला खिडकीशी उभं केलं आणि मागून हात पुढे करून काच माझ्या डोळ्यांपुढे आणली.

"अशी. दिसतंय का?"

बाहेर घाटकोपरचं आकाश होतं, पण माझे डोळे भरले होते, मला काहीच दिसेना.

"वहिनी," मी म्हटलं, "जरा वेळ अशीच धरून ठेवा."