दुर्लक्षाच्या यादीतली ओळ

मी एका माणसाला मारलं आहे. तो जमिनीवर पडल्यानंतर मारलं आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकीकत ऐकताना माझी बाजू घ्यावीशी वाटेल, आणि बरेच दिवस मीही ती घेत होतो.

तेव्हा मी बेळ्ळंदूरच्या एका लहान कंपनीत होतो. नागपूर सोडून बंगळुरूला येऊन तीन वर्षं झाली होती. गोदामात जड ट्रे उचलणाऱ्या रोबोटचं सॉफ्टवेअर आम्ही लिहायचो. तळमजल्यावरच्या लॅबमध्ये, जाळीच्या कुंपणाआड, तसा एक रोबोट उभा होता: एकच लांब लोखंडी हात, माणसापेक्षा उंच.

आमचा टीम लीड पुण्याचा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. निम्मं सॉफ्टवेअर त्याने एकट्याने लिहिलेलं, त्यामुळे त्याच्यावाचून कुणाचं काही चालायचं नाही. त्याला राग आला की काहीतरी फुटायचं. एकदा त्याने प्लायवूडच्या पार्टिशनला बुक्की मारून भोक पाडलं. ऑफिसातल्या कुणीतरी त्यावर कॅलेंडर टांगलं. एकदा एकाच्या अंगावर कीबोर्ड भिरकावला. ज्याच्या अंगावर आला तोच खाली वाकून सुटी बटणं गोळा करत हसत होता. मी कॉफी पीत असताना एकदा मागून माझ्या डोक्यात अशी टपली मारली की कपाची कड दातांवर आपटली आणि ओठ फाटला. "आपला माणूस आहेस म्हणून हक्काने मारतो," तो म्हणाला. मी रक्त गिळून म्हणालो, "चालतंय की सर."

रोबोटची चाचणी घ्यायला निपाणीकडच्या एक बाई होत्या. वयाने आम्हा सगळ्यांपेक्षा मोठ्या, सगळे त्यांना अक्का म्हणायचे. त्यांच्या मराठीत कानडी मिसळलेली असायची. सर ओरडायला लागले की त्या एकट्याच काम न थांबवता ऐकून घेत.

रोबोट सहा-सात तास नीट चालायचा आणि मग हवेतच थबकायचा. एका दुपारी थबकताना त्याची पकड सुटली आणि सुट्या भागांनी भरलेला ट्रे कुंपणावरून अक्कांच्या टेबलावर आदळला. त्या पाणी भरायला उठल्या होत्या म्हणून वाचल्या. टेबलाचा पत्रा मधोमध वाकला. त्या दिवशी ठरलं की मेमरी लीक शोधायचीच. प्रोग्रॅम कामासाठी मेमरी मागून घेतो, काम झालं की परत करायची असते. कुठेतरी तो ती परत करत नव्हता, आणि भरत भरत शेवटी काही शिल्लक उरत नव्हतं.

लीक पकडणारं टूल बसवायचं काम माझ्याकडे आलं. हे टूल प्रोग्रॅमच्या पाठीवर बसतं आणि घेतलेल्या प्रत्येक तुकड्याची नोंद ठेवतं. त्याने प्रोग्रॅम इतका मंदावला की रोबोटशी जोडलेला असताना सुरक्षेचा टायमर दर मिनिटाला सगळं बंद पाडू लागला. म्हणून मी वेगळ्या कॉम्प्युटरवर खोट्या रोबोटशी जोडून तो चालवला. टूल अहवाल द्यायचं प्रोग्रॅम संपल्यावर, आणि आमचा प्रोग्रॅम तर कधी संपायचाच नाही. मग दर तासाला अहवाल काढायची सोय केली. चार दिवस यात गेले, आणि खरं सांगायचं तर मजेत गेले.

शेवटी दुर्लक्षाची यादी उरली. ज्या तक्रारी खोट्या आहेत हे ठाऊक असतं, त्या या फाइलमध्ये लिहितात, म्हणजे टूल त्या दाखवत नाही. जुनी फाइल सरांची होती. तिच्यातल्या एका ओळीत फाइलच्या नावापुढे नुसती चांदणी होती. म्हणजे त्या फाइलमधलं काहीही सापडलं तरी गप्प राहायचं. आणि ती फाइल सरांनीच लिहिलेली, रोबोटला हुकूम देणारी.

मी विचारलं. ते स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाले, "राहू दे ती. तिथे खोटे अलार्म येतात."

ते खोटं आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. माझ्या जिभेला ओठावरचा व्रण लागत होता. मी ओळ तशीच ठेवली. अहवाल कोरा आला. सरांनी सगळ्यांना मेल टाकली की सॉफ्टवेअर स्वच्छ आहे, आणि माझी पाठ थोपटली.

दोन दिवसांनी रोबोट पुन्हा हवेत थबकला. अक्का जेवणाच्या सुट्टीनंतर माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"तुझं ते टूल आंधळं हाय, का तू त्याचे डोळे बांधलायस?"

मी त्यांना ओळ दाखवली.

"काढ ती."

"सर मारतील."

"ट्रे मला लागला असता तर?" त्या एवढंच म्हणाल्या.

मी ओळ काढली. तासाभराने अहवाल आला. सरांच्या एकाच फंक्शनच्या नावाने पानंच्या पानं भरली होती. हुकूम चुकला की दर वेळी ते मेमरी न सोडताच परत फिरत होतं. मी तो अहवाल सगळ्या टीमला पाठवला आणि लॅबमध्ये अक्कांना सांगायला गेलो. तिथे नेहमीचा प्रोग्रॅम लावून रोबोट चालू होता.

सर जिन्याने खाली आले. दार भिंतीवर आपटलं. माझी कॉलर धरून त्यांनी मला लोखंडी कपाटावर आपटलं, एकदा, दोनदा. मग नाकावर बुक्की बसली. नाकाचं हाड मोडतं तेव्हा आवाज आतून येतो, कानाच्या मागून. डोळ्यांपुढे पांढरं झालं. अक्का मध्ये पडल्या तर सरांनी त्यांना दोन्ही हातांनी ढकललं. त्या कुंपणाच्या दाराच्या चौकटीवर पडल्या, हात खाली सापडला, आणि मनगट वाकडं झालेलं मी पाहिलं.

कुंपणाचं ते दार उघडं पडलं, आणि मी मागे सरकत आत शिरलो. दार उघडलं की रोबोट आपोआप थांबायला हवा होता. पण सारखा थांबतो म्हणून दाराचा सेन्सर आम्हीच टेप लावून बंद केला होता. माझ्यामागे येता येता सर त्या दारातून आत गेले, का मी त्यांना आत ओढलं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. लोखंडी हात वळला आणि त्यांच्या खांद्यावर बसला. ते धान्याचं पोतं पडावं तसे पडले. अक्कांनी सरपटत जाऊन मोडक्या हातानेच लाल बटण दाबलं. रोबोट थांबला.

तिथे सगळं संपायला हवं होतं.

ट्रेच्या कडेला मोठा पाना पडला होता. मी तो उचलला. सर कुशीवर होते, एक हात तोंडावर धरलेला. मी मारलं. "बेडा, बेडा," अक्का ओरडत होत्या, नको, नको. मला नीट ऐकू येत होतं. मी पुन्हा मारलं. ओठ, टपल्या, "चालतंय की सर", सगळं त्या पान्यात उतरलं होतं, आणि लाज वाटते सांगायला, पण मला बरं वाटत होतं. सिक्युरिटीच्या दोघांनी मला मागून धरलं तेव्हा सरांच्या कानातून रक्त येत होतं.

रिंग रोडवर गाड्या तुंबल्या होत्या, ॲम्ब्युलन्स येईना. आम्हा तिघांना दोन रिक्षांतून दवाखान्यात नेलं. अक्का माझ्या रिक्षात होत्या, ओढणीत हात बांधून. अर्ध्या वाटेवर मी म्हणालो, "अक्का, पोलिसांना सांगा, त्यांनी सुरुवात केली."

"सांगणार की."

"आणि मी जे केलं ते…"

"ते बी सांगणार. तो पडल्यावर तू चारदा मारलास. मी मोजलंय."

"त्यांनी तुमचा हात मोडला, अक्का."

"होय. म्हणून काय मी खोटं लिहू?"

मी तोंड फिरवलं. त्या दिवशी सरांपेक्षा मला त्यांचाच जास्त राग आला.

त्यांनी तसंच लिहून दिलं. आठवड्याभराने मला आणि सरांना पोलिस ठाण्यात बोलावलं. एकाच बाकावर बसवलं, मध्ये हवालदाराची टोपी. सरांचा हात गळ्यात होता आणि डाव्या कानावर पट्टी. त्या कानाने आता फारसं ऐकू येणार नव्हतं, हे मला नंतर कळलं. सर पुढे बघतच म्हणाले, "एरर आली की परत फिरतो, तिथेच ना?"

"हो सर."

"मला दोन वर्षांपूर्वी दिसलं होतं. तेव्हा बोललो नाही, आणि मग बोलताच येईना."

मी म्हणालो, "मलाही चांदणी पहिल्याच दिवशी दिसली होती."

त्यांनी मान हलवली. माफी त्यांनी मागितली नाही, मीही नाही. इन्स्पेक्टरनी तडजोडीच्या कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या. कंपनीने दोघांनाही काढलं. सर पुण्याला परत गेले एवढं कानावर आलं.

अक्कांकडे मी दोन महिन्यांनी गेलो. प्लास्टर निघालं होतं, पण मूठ पुरती मिटत नव्हती. त्यांनी चहा ठेवला. मी दारातच माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माझी कशाला मागायलास?" आणि साखर किती घालू ते विचारलं.

मी सरांचा पुण्याचा नंबर फोनमध्ये तीनदा काढला. चौथ्यांदा लावला. सरांच्या बायकोने उचलला. मी नाव सांगितलं. तिने विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोणत्या बाजूला उभे राहून बोलायचात? आता उजव्या बाजूने बोलावं लागतं, डावा कान गेला," आणि फोन त्यांच्याकडे दिला.